तीन नंबरची मादी

उंदीर नर आहे की मादी, हे मी एका नजरेत सांगतो. दुसरी नजर टाकायची मला गरजच पडत नाही! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मग एकदा तीन आठवड्यांचं पिल्लू शेपटीला धरून उचला आणि बघा. जिथे बघायचं तिथे दोन ठिपके असतात. त्यांच्यातलं अंतर जास्त असेल तर नर, कमी असेल तर मादी. आणि हे 'जास्त' म्हणजे किती? राईच्या अर्ध्या दाण्याएवढं! तुम्ही ते मोजेपर्यंत पिल्लू तुमचं बोट चावून तुमच्याच बाहीत शिरलेलं असतं. मी हे काम एकोणीस वर्षं करतोय. उचललं, बघितलं, कार्डावर लिहिलं. निळं कार्ड नरांच्या पिंजऱ्याला, पिवळं माद्यांच्या.

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर आमचं उंदीरघर आहे. साठ पिंजरे, साठ पाण्याच्या बाटल्या आणि मी. सगळे मला उंदीरकाका म्हणतात. शास्त्रज्ञ मंडळी वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण एक गंमत सांगतो. त्यांच्यापैकी बहुतेकांनी उंदीर कधी नीट बघितलेलाच नसतो! ते बघतात रक्ताचा थेंब, नळी आणि आलेख. उंदीर कोण आहे ते कार्ड सांगतं, आणि कार्ड मी लिहितो. म्हणजे एका अर्थाने अख्खं विज्ञान माझ्या अक्षरावर उभं आहे, असं मी घरी नेहमी सांगायचो.

"अक्षर राहू द्या," बायको म्हणायची. "डोळ्यांचं काय? पेपर इतका लांब धरता की समोरच्या घरातला माणूस वाचून घेतो. चाळिशी घ्या एकदाची!"

"चाळिशी तुला लागली, मला नाही!"

ती घरीच बायकांचे कपडे शिवते. तिची चाळिशी जांभळ्या काड्यांची आहे, गळ्यात अडकवायला मण्यांची दोरी आहे. असलं काही नाकावर चढवून मी उंदरांसमोर जाणार? एकोणीस वर्षांची इभ्रत आहे माझी तिथे!

तर आता मुख्य गोष्ट. वरच्या मजल्यावर एक संशोधक मुलगी आहे. हातात कायम पिपेट, म्हणजे थेंब मोजायची ती बारीक नळी, म्हणून आम्ही तिला पिपेटताई म्हणतो. तिचं काम तिने मला तीनदा समजावलं, तेव्हा कुठे ते डोक्यात शिरलं. आमच्याकडच्या एका वाणाचे उंदीर म्हणजे जुळी भावंडंच, आतून बाहेरून सारखी. एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावला तर तो आपला म्हणून चिकटतो. पण नराचा तुकडा मादीला लावला, तर बऱ्याच वाणांत मादीचं शरीर म्हणतं, "हा कोण उपटसुंभ?" आणि झटकून टाकतं. कारण नराच्या पेशींवर एक खास खूण असते. वरचे लोक तिला प्रतिजन म्हणतात. आम्ही खूणच म्हणू. काही वाणांत ती खूण ठसठशीत असते, काहींत इतकी पुसट की असून नसल्यासारखी. हे ठसठशीत आणि पुसट करणारी जनुकं कोणती, ते पिपेटताई शोधत होती. त्यासाठी तिने एक चाचणी बनवली होती. रक्ताच्या थेंबात तिचं औषध घालायचं. खूण पुसटात पुसट असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी चमकणार. मादीच्या पेशी चमकणार नाहीत.

पाच वर्षं खपली होती पोरगी त्या चाचणीसाठी. पण मागच्या बैठकीत बाहेरून आलेले मोठे सर तिला सरळ म्हणाले होते, "कोणता थेंब नराचा, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. म्हणून तुम्हाला चमक दिसते. मनाचे खेळ आहेत हे!" या शुक्रवारी पुन्हा बैठक होती. सरांना पटलं नाही तर काम बंद, पाच वर्षं पाण्यात. ती डबा खायला खाली माझ्याकडे यायची, पण आठवडाभर डबा उघडून नुसती बसायची. मला मुलगी नाही, पण असती तर अशीच डबा न खाता काळजी करणारी असती.

सोमवारी दुपारी पिपेटताई जिना धडधडत उतरली.

"काका, अकरा नंबरच्या पिंजऱ्यात तीन नंबरची मादी आहे ना?"

आमच्याकडे उंदरांच्या शेपटीवर शाईचे पट्टे काढतात. तीन पट्टे म्हणजे तीन नंबर. मी पिवळ्या कार्डाकडे बोट दाखवलं. "आठही माद्या. काय झालं?"

"तिच्या पेशी चमकल्या! मादी असून नराची खूण आहे तिच्यावर!"

तिच्या मागोमाग विभागप्रमुख बाई आल्या. यांना आम्ही पाठीमागे घाईबाई म्हणतो, कारण त्यांचा निष्कर्ष प्रयोगाच्या आधी तयार असतो. "नवीन जनुक!" त्या दारातूनच ओरडल्या. "मादीत नराची खूण उमटवणारं जनुक! शुक्रवारी सरांचं तोंड बघण्यासारखं होईल! उंदीरकाका, ही मादीच आहे, खात्री आहे ना?"

"बाई, एकोणीस वर्षं झाली मला."

"लिहून देता?"

"हे घ्या!" मी तिथल्या तिथे लिहून दिलं. 'अकरा नंबरच्या पिंजऱ्यातील तीन नंबर ही मी स्वतः तपासलेली मादी आहे.' खाली सही, तारीख, आणि सहीखाली दोन ठिपके. सही इतकी झोकदार आली की बाईंनी तो कागद फलकावर लावला.

मंगळवारी सकाळी मी अकरा नंबरचा पिंजरा साफ करायला उघडला. कोपऱ्यात भुशाचा ढीग हलत होता. मी भुसा बाजूला केला. आत गुलाबी, शेंगदाण्याएवढी, नऊ पिल्लं!

आठ माद्यांच्या पिंजऱ्यात! पिल्लं!

मी आधी झाकण लावलं, मग छताकडे बघितलं, मग पुन्हा झाकण उघडलं. नऊच होती. तीन नंबरला शेपटीला धरून उचललं आणि हात लांब केला. धूसर. आणखी लांब केला. आणखी धूसर! उंदीर टकामका माझ्याकडे बघत होता, आणि त्याला मी माझ्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत असणार.

जेवणाच्या सुट्टीत मी सायकल दामटत घरी गेलो. बायको बाहेर गेली होती. शिलाई मशीनवर ती जांभळी चाळिशी पडली होती. घेतली, खिशात टाकली आणि तसाच परत आलो. दार आतून लावून घेतलं, चाळिशी नाकावर चढवली, तीन नंबरला उचललं.

अरे देवा! दोन ठिपके कसले आणि राईचा दाणा कसला! इतका उघड, इतका धडधडीत, इतका निर्लज्ज नर मी एकोणीस वर्षांत बघितला नव्हता! तीन आठवड्यांचा असताना चुकलो ते समजू शकतो, पण हा आता तीन महिन्यांचा घोडा झाला होता. मी रोज त्याला उचलत होतो, पण एकदा पिवळं कार्ड लावल्यावर पुन्हा कोण बघतो?

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? वर जाऊन सांगितलं असतं. पण माझी सही फलकावर होती! मी विचार केला, गुपचूप निस्तरू. पिल्लं आणि त्यांची आई मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. मग चाळिशी लावून चौदा नंबरच्या पिंजऱ्यातून त्याच वाणाची, त्याच वयाची एक खरीखुरी मादी निवडली. तिच्या शेपटीवरचे पट्टे स्पिरिटने पुसले, नवे तीन काढले आणि तिला अकरा नंबरमध्ये ठेवली. खऱ्या तीन नंबरला एकट्याला एका पिंजऱ्यात घालून कपाटामागे ठेवला. आता पिपेटताई पुन्हा तपासेल, चमक दिसणार नाही, "काल काहीतरी गडबड झाली" म्हणेल आणि विषय मिटेल. मला माझाच अभिमान वाटला.

बुधवारी पिपेटताईने पुन्हा थेंब घेतला. तासाभराने ती खाली आली ती पांढरीफटक.

"काका, खूण गेली."

"गेली ना? चांगलं झालं की!"

"चांगलं काय, काका? अशी खूण आज आहे, उद्या नाही, असं होत नाही. म्हणजे माझी चाचणीच चुकते. सर म्हणाले तेच खरं." आणि ती स्टुलावर बसून रडायला लागली. जोरात नाही, कुणाला ऐकू जाऊ नये असं. ते मला जास्त लागलं.

तेवढ्यात घाईबाई आल्या. "जनुक बंद झालं!" त्यांच्या डोळ्यांत तेज होतं. "बंद होणारं जनुक! अगं रडतेस काय, हे तर पहिल्यापेक्षा मोठं आहे!"

एक बाई नाचतेय, एक पोरगी रडतेय आणि खरा तीन नंबर कपाटामागे दाणे कुरतडतोय. माझ्याने बघवेना. तिचं रडं थांबवायचं तर खूण परत यायला हवी, एवढंच मला त्या वेळी सुचलं. म्हणून त्याच संध्याकाळी मी मादी परत चौदा नंबरमध्ये नेली आणि त्या घोड्याला पुन्हा अकरा नंबरमध्ये आणून सोडला. तो आत शिरला तो घरी परतलेल्या जावयाच्या ऐटीत.

गुरुवारी खूण परत आली. पण पिपेटताई हसली नाही. नुसती नळीकडे बघत राहिली. बाई मात्र वही घेऊन थेट माझ्यासमोर येऊन बसल्या.

"चालू, बंद, चालू! काहीतरी या जनुकाला चालू-बंद करतंय. उंदीरकाका, आठवा. मंगळवार-बुधवारी उंदीरघरात काय वेगळं झालं?"

मी पाण्याची बाटली पुसायला घेतली. "काही नाही, बाई."

"खाणं?"

"तेच."

"भुसा?"

"तोच."

"तुम्ही? तुम्ही काही वेगळं केलंत?"

"मी... मी शिट्टी वाजवली."

"कोणती?"

"अशीच. मनाला येईल ती."

"वाजवून दाखवा!"

आणि मी वाजवली, हो! ओठ कोरडे पडलेले, अर्धी हवा, अर्धी शिट्टी. बाईंनी वहीत लिहिलं, 'शिट्टी, अंदाजे अर्धा मिनिट, सूर खालचा.' मग मला म्हणाल्या, "उद्या बैठकीला पिंजरा घेऊन तुम्हीच या. आणि शिट्टीची तयारी ठेवा!"

शुक्रवारी मी बायकोने शिवलेला नवा शर्ट घातला. ती म्हणाली होती, "सरांसमोर जाणार ना, मग जरा माणसासारखे जा. कालच पुरा केलाय." बटणं लावताना हात अडखळत होते, बोटं उलटसुलट होत होती. मी म्हटलं, भीतीने होतंय. चाळिशी खिशात होतीच. मंगळवारपासून ती परत ठेवायचा धीर झाला नव्हता, आणि बायकोनेही "कुठे गेली" म्हणून विचारलं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला मोठे सर, शेजारी बाई. मी पिंजरा टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभा राहिलो. पिपेटताई उठली.

"सर, तीन नंबरच्या मादीत सोमवारी खूण दिसली. बुधवारी दिसली नाही. गुरुवारी परत दिसली. बाईंना वाटतं, जनुक चालू-बंद होतंय. मला तसं वाटत नाही. मला वाटतं माझी चाचणी विश्वासाची नाही. मी ती मागे घेते."

बाई उठून उभ्या राहिल्या. "अगं, काय बोलतेस? आधी शिट्टी तरी होऊ दे!"

सर पेनाला टोपण लावत होते. पोरगी मान खाली घालून उभी होती. पाच वर्षं! आणि ती बुडवत होतं कोण? फलकावरची माझी झोकदार सही! एकदा वाटलं, गप्प राहावं, कुणाला कळणार आहे? आणि त्याच वेळी तोंडातून निघून गेलं.

"सर, ती मादी नाहीये!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे?"

"नर आहे. मी चुकलो. पिंजऱ्यात पिल्लं झाली तेव्हा कळलं. मग मंगळवारी मी तिच्या... त्याच्या जागी खरी मादी ठेवली. मग ही रडली म्हणून बुधवारी संध्याकाळी पुन्हा त्याला ठेवला. जनुक चालू-बंद होत नाही, सर. मीच करत होतो!"

सरांनी शांतपणे पिंजरा उघडला, तीन नंबरला शेपटीला धरून उचललं, हात लांब केला. आणखी लांब केला. मान मागे नेली. मग म्हणाले, "छे! मादीच आहे ही."

"नाही, सर."

"अहो, चाळीस वर्षं झाली मला!"

खिशातून जांभळी चाळिशी काढली, मण्यांची दोरी सोडवली आणि त्यांच्यापुढे धरली. सरांनी एकदा चाळिशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग नाकावर चढवली.

"अरेच्चा!" सर म्हणाले.

सरांनी त्याला अलगद आत सोडलं आणि चाळिशी न काढताच पिपेटताईकडे वळले. "बाळ, सोमवारी तुला माहीत होतं का हा नर आहे?"

"नाही, सर. कार्डावर मादी होतं."

"बुधवारी उंदीर बदललाय, हे माहीत होतं?"

"नाही."

"गुरुवारी परत बदललाय, हे?"

"नाही, सर."

"म्हणजे कार्ड चुकलं, हे गृहस्थ चुकले, मी आत्ता तुमच्यासमोर चुकलो, आणि तुझी चाचणी तीनदापैकी तीनदा बरोबर आली. तीही तुला काही माहीत नसताना!" सर हसायला लागले. "मनाचे खेळ म्हणालो होतो मी. शब्द परत घेतो. काम चालू ठेव."

पिपेटताई खाली बसली आणि परत रडायला लागली, पण या वेळी जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझा जीव भांड्यात पडला. बाई वहीतलं शिट्टीचं पान हळूच फाडत होत्या.

"आणि तुम्ही," सर माझ्याकडे वळले. मी छाती काढून उभा राहिलो. म्हटलं, आता नोकरी गेली. सरांनी जांभळ्या चाळिशीतून मला वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं. शर्टावर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. शेवटी एवढंच म्हणाले, "चष्मा करून घ्या. मीही घेतो. आणि तोवर साठही पिंजरे पुन्हा तपासा. दुसऱ्या कुणाला तरी बरोबर घेऊन!"

ती दुसरी कुणी म्हणजे पिपेटताईच. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून तपासले. आणखी चार कार्डं बदलावी लागली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. तिने त्या दिवशी डबा मात्र अख्खा संपवला, आणि माझ्यातलीही पोळी घेतली.

घरी परतलो तेव्हा मी फार खुशीत होतो. चाळिशी बायकोच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. पिल्लं, शिट्टी, सर, सगळं! ती हसेल असं वाटलं होतं. पण तिने शांतपणे चाळिशी पुसली, डोळ्यांना लावली आणि माझ्या शर्टाकडे बघितलं.

"अगं बाई!" ती म्हणाली.

"काय झालं?"

"बटणं! बायकांच्या बाजूला लावलीत मी!"

मी खाली बघितलं. खरंच! दिवसभर मी बायकांचा शर्ट घालून मोठ्या सरांसमोर छाती काढून उभा होतो! आणि सरांनी तो चाळिशी लावून बघितला होता!

"चार दिवस चाळिशी सापडत नव्हती मेली," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. म्हणून तशीच शिवत बसले. हाताच्या सवयीने."

"अगं, पण एकदा लांबून तरी बघायचंस!"

"बघायचंय काय त्यात?" ती एकदम ताठ झाली. "वीस वर्षं झाली मला!"

तो शर्ट मी अजूनही उंदीरघरात घालतो. फक्त आता बटणं पटकन लागतात, सवय झाली.